तारा मावळला की येतो

हिरडीटोल्याच्या पटेलानं चावडीवर उभं राहून सांगून टाकलं की झाडणीचा तारा मावळला. आता ज्यांना लेकी सासरी धाडायच्या त्यांनी धाडाव्यात, सुना आणायच्या त्यांनी आणाव्यात, नव्या घराची मेढ रोवायची त्यांनी खुशाल रोवावी. पटेलानं सांगितलं म्हणजे विषय संपला. आकाशालासुद्धा मग वेगळं काही म्हणायची सोय नसे.

टिकारामच्या घरी देवकाबाईनं त्याच संध्याकाळी चुलीवर कढई चढवली. लेक पोळ्यासाठी माहेरी आली होती आणि उद्या-परवा जावई तिला न्यायला येणार होता. लेकीला रिकाम्या हातानं कशी धाडायची? देवकाबाई करंज्या तळत होती आणि तिची लेक नंदा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होती. उद्या येणाऱ्या माणसाची वाट आजपासून बघण्यात काही अर्थ नाही हे तिला कळत होतं. तरी ती बघत होती.

पुस्तकात ह्या ताऱ्याला धूमकेतू म्हणतात. हिरडीटोल्यात कोण पुस्तक उघडतो? त्याच्यामागे झाडणीच्या काड्यांसारखा उजेड पसरलेला असतो, म्हणून तो झाडणीचा तारा. आणि झाडणी घरातलं सगळं झाडून नेते, म्हणून तो आकाशात असेपर्यंत लेकीला सासरी धाडायचं नाही आणि सुनेला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, असा त्या भागातला रिवाज. सत्तावन्न सालच्या त्या पावसाळ्यात तो तारा उगवला, तो नेमका नंदा माहेरी आली त्या संध्याकाळी. बैलगाडी गावात शिरत होती. देवकाबाई वेशीपर्यंत लेकीला घ्यायला आली होती. तिची नजर फार पक्की, चिमणीच्या उजेडात तांदळातला खडा वेचणारी बाई ती. तिनंच पहिल्यांदा गावामागच्या डोंगरीच्या माथ्यावर बोट दाखवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आता लेक आली खरी, पन जाईन कवा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती आणि थोडा आनंदही होता. आईचं मन ते.

नंदाला मात्र त्या संध्याकाळी फक्त आनंदच झाला होता. वर्षभर तारा राहिला तरी चालेल, असं तिला वाटलं होतं. कारण ती भांडून आली होती.

तिचं सासर सावरबांध. डोंगरीच्या पलीकडे, मावळतीला. तिथे मोठा तलाव, आणि तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीची जुनी घरं. कोहळ्याच्या पोराला तलावाचा लळा असतोच, पण नंदाचा नवरा मनिराम म्हणजे जरा जास्तच. मृग लागला की त्याचा मुक्काम तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर. पाळीला खेकडे बिळं पाडतात, बिळातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता पाळ फुटते आणि खालचं सगळं धान वाहून जातं. म्हणून हा गडी रोज पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातानं चाचपत जाई आणि बीळ दिसलं की चिकणमातीनं बुजवी. पाळीवर त्यानं गवताची खोपडी बांधली होती. तिथंच जेवण, तिथंच झोप. घरी नंदा आणि तिची सासू, आणि सासूला दोन्ही कानांनी ऐकू येत नसे. नंदा बोलकी बाई. आषाढभर ती भिंतीशी बोलली आणि श्रावणात तिचा बांध फुटला.

"तुमचं लगन कोनासंग झालं?" तिनं विचारलं. "माझ्यासंग का तलावासंग?"

मनिरामनं विचार केला. तो प्रत्येक गोष्टीचा विचार करी. मग म्हणाला, "तलाव माझ्या आज्याच्या बापानं बांधला."

आता ह्याला उत्तर म्हणायचं का? नंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पेटीतली चार लुगडी गाठोड्यात बांधली आणि पोळ्याला माहेरी जाते म्हणून सांगितलं. त्यानं गाडी जुंपली. वाटेत पाऊस लागला तेव्हा स्वतःची घोंगडी काढून तिच्या अंगावर टाकली आणि आपण भिजत गाडी हाकली. पण बोलला काही नाही, म्हणून तिनंही ते मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघताना तो जुवाची दोरी आवळत म्हणाला, "हा तारा मावळला का दुसऱ्याच दिवशी येतो."

"कायले येता? नका येऊ. तलाव सांभाळा आपला."

तो बैलांच्या पाठीवर हात फिरवून गाडीत बसला आणि गेला. घोंगडी मात्र तिच्याकडेच राहिली.

चार दिवस माहेर गोड लागलं. पाचव्या दिवशी नंदाच्या लक्षात आलं की आपण घोंगडी वाळत घालायची म्हणून बाहेर काढतो आणि न वाळवताच आत आणतो. घोंगडीला तलावाच्या चिकणमातीचा वास होता. उन्हात घातली तर तो वास जाईल, एवढंच कारण. तिला स्वतःचा राग आला. ज्या वासाला कंटाळून आपण इथं आलो, तोच वास नाकाशी धरून बसायचं म्हणजे काय? पण मन कुठं कुणाचं ऐकतं? संध्याकाळी सगळी बायकामाणसं अंगणात उभी राहून डोंगरीवरचा तारा बघत, तशी तीही बघे. तो रोज थोडा थोडा खाली उतरत होता. लवकर मावळ बाबा, असं ती मनातल्या मनात म्हणे.

मग झड लागली. पोळा पावसातच झाला. बैलांची शिंगं रंगवली तो रंग ओघळून त्यांच्या डोळ्यांत गेला. तीज पावसात, गणपती पावसात. आभाळ असं काही भरून आलं होतं की दिवस कुठला आणि संध्याकाळ कुठली ते कळेना. पावसाचा जोर वाढला की नंदाचा जीव सावरबांधच्या पाळीवर जाई. आता तो हातात टोपलं घेऊन माती टाकत असेल. घोंगडी तर माझ्यापाशी आहे. डोक्यावर काय घेतलं असेल त्यानं?

झड उघडली तेव्हा डोंगरी धुऊन काढल्यागत हिरवीगार झाली होती आणि आकाश स्वच्छ होतं. गाव संध्याकाळी अंगणात आलं. डोंगरीवर तारा नव्हता. दुसऱ्या संध्याकाळीही नव्हता. मग पटेल चावडीवर आला आणि त्यानं जे सांगितलं ते वर आलंच आहे.

जावई दुसऱ्या दिवशी आला नाही. नाल्याला पूर असेल, असं देवकाबाई म्हणाली. नाल्याचा पूर ओसरला. मग बैलाचा पाय मुरगळला असेल. मग सासूला बरं नसेल. देवकाबाईपाशी कारणांची कमी नव्हती. तिनं केलेल्या करंज्या मऊ पडल्या, त्या टिकारामनं दोन दिवस न्याहारीला खाल्ल्या. तिनं पुन्हा कढई चढवली. त्याही करंज्या टिकारामनंच खाल्ल्या आणि तिसऱ्यांदा कढईचा आवाज ऐकल्यावर तो भडकला.

"पुरे कर तुझं तळनं! जवाई काई करंज्याच्या वासानं नाई येत."

शेजारच्या कुंदाबाईला तर विषयच मिळाला. ती मिठाच्या खड्यासाठी यायची आणि घटकाभर बसायची. "तारा मावळून किती दिस झाले वो बाई," ती म्हणे. "जवाई काऊन नाई आला? काई झगडा-बिगडा तं नाई झाला न?" आणि मग नंदाकडे असं बघायची की जणू उत्तर तिच्या कपाळावर लिहिलेलं आहे.

नंदाला ठाऊक होतं काय झालं ते. नका येऊ, असं आपणच म्हटलं होतं. आणि मनिराम हा शब्दाचा असा माणूस की शब्दाला शब्द लावून वागायचा. तलावाच्या पाण्यात खुणेचा एक दगड होता. तो दगड पुरता बुडाल्याशिवाय मनिराम सांडव्यावरची माती हटवत नसे. लोक ओरडायचे, पाणी चढलं, हटव माती! हा म्हणायचा, दगडाचं डोकं दिसून राहिलं अजून. अशा माणसाला आपण सांगितलं, नका येऊ. झालं, तो येणार नाही. ती रागाच्या भरात बोलली होती हे त्याला कोण सांगणार? आणि तिला त्याची किती आठवण येत होती! चुलीपुढे बसली की येई, विहिरीवर येई, कुणी पुरुष दुरून खांद्यावर फावडं घेऊन येताना दिसला की काळजात धस्स होई. त्याचं न बोलणंसुद्धा तिला आठवत होतं. पाळीवरून तो घरी येई तेव्हा पायाची माती उंबऱ्याबाहेर खरवडून काढी, तो खरखर आवाज तिला हवा होता. बाकी काही नको.

पितर पाख जवळ आला. एकदा तो लागला की पुन्हा पंधरवडाभर लेकी न्यायच्या-आणायच्या नाहीत. टिकारामच्या मानी स्वभावाला हे सगळं सोसवेना. चार माणसांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, पण विचारतील ह्या भीतीनंच तो दोन दिवस चावडीवर गेला नाही. मग एके सकाळी छोटेलाल आला. छोटेलाल बांगड्या विकायचा. डोक्यावर पेटारा घेऊन तो डोंगरीला वळसा घालून गावोगाव फिरे, आणि बांगड्यांबरोबर निरोपही नेई.

"सावरबांधले जाऊन राहिला का?" टिकारामनं त्याला विचारलं.

"जाऊंगा ना मालिक. आज वाटेत मुक्काम, कल सबेरे सावरबांध."

"मंग सांगजो तिथं. म्हनावं, टिकारामले आपली पोरगी जड नाई झाली. तिची पेटी अन् लग्नातले भांडे काढून ठेवा. मी गाडी धाडतो."

छोटेलालच्या हातातली बांगडी हातातच राहिली. पेटी आणि भांडी परत मागितली म्हणजे काय ते त्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. सोयरीक तुटली म्हणायचं. देवकाबाई पदर तोंडाशी धरून दारात उभी होती. टिकारामनं लेकीकडे पाहिलं. तो कितीही तापट असला तरी लेकीला न विचारता असं करणारा नव्हता.

"काय म्हनतं, नंदे? सांगू का नको?"

कुंदाबाई मिठासाठी येऊन कुडापाशी उभी होती. नंदानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या नाकावरचा तो जुना राग धावून आला, आणि आला तो नको त्या वेळी.

"सांगा," ती म्हणाली. "माझं काई अडून नाई राहिलं."

छोटेलाल पेटारा डोक्यावर घेऊन गेला. तो वळणाआड झाला तेव्हा नंदाला वाटलं की धावत जावं आणि त्याच्या पेटाऱ्याला धरून त्याला मागं ओढावं. ती जागची हलली नाही. आत जाऊन तिनं घोंगडीत तोंड खुपसलं आणि मनसोक्त रडली. देवकाबाईनं तिला रडू दिलं. दुपारी मात्र टोपली तिच्यापुढे ठेवली.

"चाल, वास्ते आनू. घरात बसून काय करतं?"

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात डोंगरीवर बांबूच्या बेटांत ते फुटतात आणि त्यांची भाजी झकास होते. मायलेकी निघाल्या. आभाळाचा भरवसा नको म्हणून नंदानं घोंगडी डोक्यावर घेतली होती. पायथ्याची बेटं गावातल्या बायांनी आधीच खुडून नेली होती, म्हणून त्या वर गेल्या. तिथंही थोडेच मिळाले, म्हणून आणखी वर. पावसाळ्यात डोंगरीची वाट कुणी धरत नाही. गवत कमरेइतकं वाढलेलं, पाय कुठं पडतो ते दिसत नाही. फक्त पलीकडचे गुराखी झड उघडल्यावर आपली ढोरं चारायला माथ्यापर्यंत आणत. मायलेकी चढत राहिल्या. नंदाला थांबावंसं वाटत नव्हतं. चढताना दम लागतो आणि दम लागला की माणूस विचार करत नाही, ते तिला बरं वाटत होतं.

टोपली भरली तेव्हा त्या माथ्यावर पोचल्या होत्या. तिथं एक उघडा खडक होता. दिवस बुडून थोडा वेळ झाला होता. पलीकडच्या उतारावर गुराखी ढोरांना हाका घालत होता. नंदा खडकावर बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं आपलं सासर वरून पाहिलं. खाली सगळा सपाट मुलूख, धानाच्या बांध्याच बांध्या, आणि मधोमध सावरबांधचा तलाव. पाण्यावर अजून उजेड होता. पाळ स्पष्ट दिसत होती. पाळीवर एक ठिपका होता, तो खोपडीचा असावा.

"माय माझी!" देवकाबाई एकदम म्हणाली. "नंदे, पाहा!"

तलावाच्या वर, पार खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, तो होता. आता पहिल्यासारखा झगझगीत नव्हता. उजेड मंद झाला होता, मागची झाडणी विरळ झाली होती. पण होता. तोच तारा होता.

नंदा उभी राहिली. मग तिनं मागं वळून आपलं गाव पाहिलं, आणि समजायचं ते सगळं एकदम समजलं. हिरडीटोला डोंगरीच्या कुशीत होता. मावळतीचं अर्धं आकाश त्या गावानं कधी पाहिलंच नव्हतं. पटेलानंही नाही. तारा डोंगरीआड उतरला आणि गावानं म्हटलं, मावळला. सावरबांधपुढे मात्र डोंगरी नव्हती. तिथं तलाव होता, आणि तलावावर उघडं आकाश. तिथं तारा मावळलाच नव्हता!

तो म्हणाला होता, तारा मावळला का दुसऱ्याच दिवशी येतो. दगडाचं डोकं दिसतंय तोवर माती न हटवणारा तो माणूस. त्यानं तिचं 'नका येऊ' धरलं नव्हतं. स्वतःचं 'येतो' धरलं होतं. रोज संध्याकाळी पाळीवर बसून तो तारा मावळायची वाट बघत होता.

"माय, तो वाट पाहून राहिला," नंदा म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मग एकदम तिचा चेहरा उतरला. "माय, छोटेलाल!"

छोटेलाल डोंगरीला वळसा घालून निघाला होता. आज त्याचा वाटेत मुक्काम, उद्या सकाळी तो सावरबांधला पोचणार. मनिराम त्याचं ऐकून घेणार, नेहमीसारखा विचार करणार आणि एक शब्द न बोलता पेटी आणि भांडी काढून ठेवणार. तिला ते डोळ्यांपुढे दिसलं. तो माणूस भांडला असता तर बरं, पण तो भांडायचा नाही.

"मी जाऊ का खाली?" तिनं विचारलं. "आताच्या आता?"

आणि विचारल्याबरोबर तिला कळलं की आपण काय विचारतोय. तारा समोर होता. ताऱ्याखाली लेक सासरी धाडायची नाही. देवकाबाईनं साऱ्या जन्मात एक सोमवार मोडला नव्हता, एक अमावास्या चुकवली नव्हती. ती घर झाडून नेणाऱ्या ताऱ्याखालून आपली एकुलती एक लेक धाडेल?

देवकाबाई मावळतीकडे तोंड करून उभी राहिली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तिनं बराच वेळ पाहिलं. तांदळातला खडा दिसणारे तिचे डोळे.

"कायचा तारा?" ती म्हणाली. "मले तं काई दिसत नाई."

"माय, आत्ता तं तूच..."

"मले भास झाला. म्हातारी झाली मी." देवकाबाईनं तोंड फिरवलं. पण आवाज घट्ट होता. "पटेलानं सांगतलं न, मावळला म्हनून? मंग मावळला. मी मावळलेल्या ताऱ्याखालून लेक धाडून राहिली. जा तू. तुझ्या बाबाचं मी पाहून घेईन."

तिनं टोपलीतले निम्मे वास्ते आपल्या ओटीत घेतले आणि निम्म्यांसकट टोपली लेकीच्या कमरेवर दिली. "रिकाम्या हातानं नोको जाऊ," ती म्हणाली. करंज्या नव्हत्या, तर वास्ते. मग तिनं गुराख्याला हाक मारली. तो उमराव होता, सावरबांधचाच म्हातारा. नंदाला पाहून तो चकित झाला, पण विचारपूस करत बसला नाही.

"चाल बाई, ढोराच्या मागं मागं," तो म्हणाला. "मनिराम पाळीवरच भेटंल. त्या ताऱ्यानं त्याले पिसं लावलं. रोज मले पुसते, आज फिका वाटते का, म्हनून."

उतारावरून नंदानं एकदा मागं पाहिलं. देवकाबाई खडकावर तशीच उभी होती. आता ती उघड उघड ताऱ्याकडे बघत होती आणि तिचे हात जोडलेले होते.

पाळीवर पोचेपर्यंत अंधार पडला होता. उमराव ढोरं घेऊन गावात वळला आणि नंदा एकटीच पाळ चढली. खोपडीपुढे मनिराम गुडघ्यांना मिठी घालून बसला होता. तोंड मावळतीकडे. तिच्या पायांचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली आणि तो हळूहळू उठून उभा राहिला. मग तिच्याकडून ताऱ्याकडे आणि ताऱ्याकडून तिच्याकडे पाहू लागला.

"दिसून राहिला अजून," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी बायकोला पाहून बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

"आमच्या गावात केवाचाच मावळला," नंदा म्हणाली. "डोंगरीच्या आड गेला अन् पटेल म्हने मावळला. मी वाट पाहून पाहून थकली. तुमी काऊन नाई आले?"

मनिरामनं विचार केला. डोंगरीकडे पाहिलं. बिचाऱ्याच्या ध्यानात ते कधी आलंच नव्हतं.

"मले वाटलं तूबी पाहून राहिली असशीन," तो म्हणाला. "रोज सांजेले मी इथं बसो. म्हनो, आता नंदा आंगनात आली असंल. आता तिबी ह्याच्याचकडे पाहून राहिली असंल. मंग बरं वाटे."

इतके दिवस ती ज्या आकाशात काही नाही म्हणून कुढत होती, त्याच आकाशात तो तिला रोज भेटत होता. तिनं टोपली खाली ठेवली. अंगावरची घोंगडी काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

"उद्या सकारी छोटेलाल येईन," ती खाली मान घालून म्हणाली. "माझी पेटी अन् भांडे मांगंल. बाबानं धाडलं त्याले. मीच म्हटलं, सांगा म्हनून. रागात म्हटलं. देऊ नका."

मनिरामनं खांद्यावरची घोंगडी सारखी केली.

"नाई देत," तो म्हणाला.

मग त्याचा चेहरा पडला. "पन तुले घरात कसं नेऊ? तारा हाये. बुडी उंबऱ्याच्या आत नाई घेनार." बुडी म्हणजे त्याची आई. बहिरी असली तरी आंधळी नव्हती, रोज तारा बघूनच निजायला जायची.

नंदानं त्याच्याकडे पाहिलं, मग गवताच्या खोपडीकडे पाहिलं. खोपडीत एक चटई होती, पाण्याचं मडकं होतं, माती टाकायचं टोपलं होतं. हिचा तिनं आषाढभर सवतीसारखा दुस्वास केला होता.

"ह्याले उंबरा हाये का?" तिनं विचारलं.

मनिरामनं खोपडीकडे नीट पाहिलं, जणू काही पहिल्यांदाच पाहतोय. "नाई," तो म्हणाला.

ती आत गेली. मडक्यातलं पाणी प्यायली, टोपली कोपऱ्यात ठेवली आणि बाहेर येऊन त्याच्याशेजारी पाळीवर बसली. त्यानं अर्धी घोंगडी तिच्यावर ओढली. खाली तलावाचं पाणी पाळीला हलकेच लागत होतं. समोर तो तारा आता पार टेकायला आला होता, घटकाभरात आजच्यापुरता बुडेल. उद्या पुन्हा दिसेल, आजच्यापेक्षा थोडा मंद.

"किती दिस राह्यते हा अजून?" तिनं विचारलं.

"काय माईत. रोज फिका होऊन राहिला."

"अन् आभाळ आलं तं?"

"आलं तं दिसत नाई," मनिराम म्हणाला. "पन दिसला नाई म्हनजे मावळला, असं मी नाई म्हनत."

तारा लवकर मावळावा म्हणून तिनं माहेरच्या अंगणात रोज मागणं मागितलं होतं. आता घोंगडीच्या आत तिनं हात जोडले आणि त्याच ताऱ्याला मनातल्या मनात म्हटलं, बाबा, घाई करू नको, आणखी थोडे दिवस राहा.